सरळ फटक्याचा हट्ट आणि वळणाचा अभ्यास

गोल्फ शिकू लागलेल्या जवळपास प्रत्येकाची पहिली इच्छा चेंडू सरळ जावा हीच असते, आणि ती स्वाभाविकही आहे, कारण झेंडा समोर दिसत असतो आणि त्याच्याकडे जाणारी सर्वांत जवळची वाट सरळच असते. तरीही अनेक वर्षे चांगल्या हँडिकॅपने (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा; कमी तितका चांगला) खेळणाऱ्यांकडे नीट पाहिले, तर त्यांच्यापैकी फार थोडे जण सरळ फटक्यावर विसंबून असल्याचे दिसते. त्यांचा चेंडू थोडासा डावीकडे किंवा थोडासा उजवीकडे वळतो, आणि महत्त्वाचे म्हणजे तो जवळपास नेहमी एकाच बाजूला वळतो. सरळ फटका सर्वांत साधा वाटत असला, तरी तो पुन्हा पुन्हा मारणे सर्वांत अवघड आहे, असे माझे ठाम मत आहे. तो घडायचा तर क्लबफेसची (क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठभागाची) दिशा आणि स्विंगचा (क्लब फिरवण्याचा) मार्ग या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी लक्ष्यावर याव्या लागतात, आणि त्यात अर्ध्या अंशाचीही चूक झाली तरी चेंडू कोणत्या बाजूला जाईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून हौशी खेळाडूने आधी एक वळण आपलेसे करावे, दुसरे गरजेपुरते शिकावे आणि सरळ फटका जिथे खरोखर उपयोगी आहे तिथे राखून ठेवावा. ते कसे करावे, हे पुढे सांगितले आहे. सर्व दिशा उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी त्या उलट वाचाव्यात.

चेंडू का वळतो

क्लब चेंडूला भिडतो त्या क्षणी दोन दिशा महत्त्वाच्या असतात: क्लबफेस कुठे पाहत आहे ही पहिली आणि क्लबचे डोके कोणत्या मार्गाने पुढे सरकत आहे ही दुसरी. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो. ढोबळमानाने सांगायचे, तर आयर्नच्या (मधल्या आणि जवळच्या अंतरासाठीच्या क्लबच्या) फटक्यात सुमारे तीन चतुर्थांश वाटा फेसचा असतो आणि ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब मारायच्या क्लबच्या) फटक्यात तो त्याहूनही अधिक असतो. निघालेला चेंडू पुढे कोणत्या बाजूला वळणार, हे मात्र फेस आणि मार्ग यांच्यातील फरकावर अवलंबून असते. फेस मार्गाच्या डावीकडे पाहत असेल तर चेंडू डावीकडे वळतो आणि त्याला ड्रॉ म्हणतात. फेस मार्गाच्या उजवीकडे पाहत असेल तर तो उजवीकडे वळतो आणि त्याला फेड म्हणतात. हेच वळण हाताबाहेर गेले की ड्रॉचा हुक होतो आणि फेडचा स्लाइस होतो. चेंडूला मिळणारी फिरकी एकच असते, ती म्हणजे बॅकस्पिन. फेस आणि मार्ग वेगळ्या दिशांना असले की त्या फिरकीचा अक्ष एका बाजूला कलतो आणि चेंडू त्या बाजूला झुकत जातो.

चेंडूची आणि क्लबची हालचाल मोजणारी ट्रॅकमनसारखी रडारयंत्रे येण्यापूर्वी बराच काळ याच्या उलट शिकवले जात असे. पाय आणि खांदे चेंडू जिकडून निघावा तिकडे वळवा आणि फेस लक्ष्याकडे ठेवा, असा तो सल्ला होता, आणि आजही रेंजवर (सरावाच्या जागी) तो सर्रास ऐकायला मिळतो. तो का फसतो, हे झाडाआडून मारायच्या फटक्यात लगेच कळते. समजा, आपल्यापासून ३० यार्डांवर नेमके लक्ष्यरेषेवर एक झाड आहे आणि त्याला उजवीकडून वळसा घालून चेंडू ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) आणायचा आहे. जुन्या सल्ल्याप्रमाणे फेस लक्ष्याकडे ठेवला, म्हणजेच झाडाच्या बुंध्याकडे ठेवला, तर चेंडू बहुतांशी फेसच्या दिशेने निघतो आणि झाडाच्या उजव्या फांद्यांत जाऊन आदळतो. झाडापासून ४ यार्ड उजवीकडून जायचे असेल, तर चेंडू सुमारे ८ अंश उजवीकडे निघायला हवा. म्हणजे फेस झाडाच्या उजव्या कडेपलीकडे पाहत असायला हवा आणि पाय त्याहूनही उजवीकडे वळलेले असायला हवेत. ड्रॉ मारताना फेस लक्ष्याच्या उजवीकडे असतो. तो मिटलेला (डावीकडे वळलेला) असतो तो फक्त मार्गाच्या तुलनेत. फेडमध्येही तसेच आहे: फेस लक्ष्याच्या डावीकडे असतो आणि मार्गाच्या तुलनेत तेवढा उघडा (उजवीकडे वळलेला) असतो. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढचे बरेचसे सोपे होते.

मधल्या आयर्नसाठी एक कामचलाऊ प्रमाण लक्षात ठेवावे: लक्ष्यरेषेपासून मार्ग जितका वळवला असेल, त्याच्या साधारण निम्मा फेस वळवावा. मार्ग ४ अंश उजवीकडे आणि फेस २ अंश उजवीकडे असेल, तर १५० यार्डांच्या फटक्यात चेंडू लक्ष्याच्या सहा-सात यार्ड उजवीकडच्या दिशेने निघून हळूहळू परत येतो. फरक किती बारीक आहे, हे इथे ध्यानात यावे. २३० यार्डांवर एका अंशाची चूक म्हणजे सुमारे ४ यार्ड, आणि एक अंश डोळ्यांना जवळपास दिसतही नाही.

लॉफ्टचाही, म्हणजे फेस मागे किती कललेला आहे याचाही, इथे मोठा वाटा आहे. लॉफ्ट जास्त असलेल्या क्लबने बॅकस्पिन भरपूर मिळते, त्यामुळे तेवढ्याच फरकाने अक्ष कमी कलतो आणि चेंडू कमी वळतो. म्हणून वेजने (सर्वाधिक लॉफ्टच्या क्लबने) ठरवूनही फारसे वळण मिळत नाही, आणि ड्रायव्हरने नको असतानाही भरपूर मिळते. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. आयर्नने आपण चेंडूवर खाली उतरत मारतो, आणि खाली उतरताना क्लबचा मार्ग थोडा उजवीकडे जात असतो. ड्रायव्हरने टीवरच्या (जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवरच्या) चेंडूवर आपण वर चढत मारतो, आणि तोवर मार्ग डावीकडे वळू लागलेला असतो. त्यामुळे एकच स्विंग आयर्नने हलका ड्रॉ आणि ड्रायव्हरने फेड देऊ शकतो. आयर्न चांगले लागतात पण ड्रायव्हर उजवीकडे पळतो, अशी तक्रार क्लबहाउसमध्ये नेहमी ऐकू येते. तिच्यामागे बऱ्याचदा स्विंगमधला दोष नसतो, तर ही साधी भूमिती असते.

आधी आपला फटका ओळखावा

कोणते वळण शिकावे हे ठरवण्यापूर्वी आपला चेंडू आज काय करतो, हे कागदावर मांडणे आवश्यक आहे. रेंजवर जाऊन जमिनीवर एक अलाइनमेंट स्टिक (दिशा तपासण्याची सरळ काठी) लक्ष्याकडे रोखून ठेवावी, कारण रेंजवरच्या मॅट पुष्कळदा भलत्याच दिशेला लावलेल्या असतात आणि त्यांच्या कडेला समांतर उभे राहणारा खेळाडू नकळत चुकीच्या दिशेने सराव करत राहतो. मग सात नंबरच्या आयर्नने वीस चेंडू मारावेत आणि प्रत्येक चेंडूबद्दल दोनच गोष्टी टिपाव्यात: तो स्टिकच्या कोणत्या बाजूने निघाला आणि शेवटी कोणत्या बाजूला वळला. अंतर किंवा फटका लागल्याचा आवाज यांकडे त्या वेळी लक्ष देऊ नये. हेच ड्रायव्हरने वेगळे करावे. वीसपैकी चौदा-पंधरा चेंडू एकाच बाजूला वळत असतील, तर आपले वळण आपल्याला आधीच मिळालेले आहे. ते बदलण्याऐवजी त्याला शिस्त लावणे कितीतरी सोपे असते.

ड्रायव्हरच्या बाबतीत आणखी एक तपासणी करावी. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर एक ठळक ठिपका काढावा आणि तो ठिपका फेसच्या बाजूला येईल असा चेंडू टीवर ठेवावा; फटक्यानंतर शाईची खूण फेसवर उमटते. चेंडू फेसच्या टोकाकडे (दांड्यापासून दूरच्या बाजूला) लागला, तर त्याला ड्रॉची फिरकी मिळते आणि टाचेकडे (दांड्याजवळच्या बाजूला) लागला, तर फेडची फिरकी मिळते, मग फेस आणि मार्ग कसेही असोत. खूण टाचेकडे उमटत असेल, तर स्लाइसवर ग्रिप (क्लब धरण्याची पकड) बदलण्याचे किंवा खांदे वळवण्याचे सगळे उपाय वाया जातात. आधी चेंडूपासूनचे अंतर सुधारून मध्यावर फटका लावण्याचे काम करावे लागते. वळण शिकण्याची पहिली अट चेंडू फेसच्या मध्यावर लागणे ही आहे, आणि ती पूर्ण होत नसेल, तर या लेखातील पुढचा भाग काही महिने बाजूला ठेवावा, असेच मी सांगेन.

ड्रॉ की फेड

या प्रश्नावर खेळाचा इतिहास एका बाजूचा कौल देत नाही. जॅक निकलॉस यांनी १८ मोठ्या स्पर्धा (मेजर) जिंकल्या त्या मुख्यतः उंच, हलक्या फेडच्या जोरावर. बेन होगन तरुणपणी हुकने बेजार झाले होते. त्यांनी तो मोडून फेड उभा केला आणि १९५३ मध्ये मास्टर्स, अमेरिकन ओपन आणि ब्रिटिश ओपन या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. दक्षिण आफ्रिकेचे बॉबी लॉक मात्र जवळपास प्रत्येक फटका उजवीकडे सोडून डावीकडे आणत, आणि त्याच पद्धतीने त्यांनी १९४९, १९५०, १९५२ आणि १९५७ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकली. कॅनडाचे मो नॉर्मन सरळ फटक्यासाठी इतके प्रसिद्ध होते की त्यांना ‘पाइपलाइन मो’ म्हणत. सरळ मारणे अशक्य आहे असे मुळीच नाही. पण नॉर्मन यांचा स्विंगच इतरांहून वेगळा होता आणि त्यामागे आयुष्यभराचा सराव होता.

एकच वळण असण्याची किंमतही मोजावी लागते. फेड मारणाऱ्या ली ट्रेव्हिनो यांनी सहा मोठ्या स्पर्धा जिंकल्या, पण डावीकडे वळणाऱ्या होलसाठी (टीपासून झेंड्यापर्यंतच्या टप्प्यांसाठी) ओळखल्या जाणाऱ्या, मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टाच्या मैदानाशी त्यांचे कधी जमले नाही आणि मास्टर्समध्ये ते दहाव्या क्रमांकाच्या वर कधी गेले नाहीत. मात्र याच मैदानावर फेड मारणाऱ्या निकलॉस यांनी सहा वेळा मास्टर्स जिंकली, हेही विसरू नये. मैदान एखादे वळण मागते असे म्हणताना बहुतेक वेळा आपण अतिशयोक्ती करतो.

हौशी खेळाडूसाठी माझा कौल साधा आहे. चेंडू आधीच उजवीकडे वळत असेल, तर स्लाइस कमी करून त्याचा फेड करावा. डावीकडे वळत असेल, तर ड्रॉ राखावा. अगदीच नव्याने निवडायचे असेल, तर फेड निवडावा, कारण तो थोडा उंच जातो, लवकर थांबतो आणि चुकला तरी फार दूर धावत नाही. ड्रॉ खाली पडल्यावर अधिक घरंगळतो. ते अंतरासाठी चांगले असले, तरी चुकलेला ड्रॉ त्याच वेगाने झाडीतही घरंगळत जातो.

एका वळणाचा फायदा नेमका किती आहे, हे आकड्यांत पाहावे. फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) ३६ यार्ड रुंद आहे आणि आपण सरळ मारण्याच्या हेतूने मध्यावर नेम धरला, तर दोन्ही बाजूंना १८ यार्डांचीच सवलत मिळते. फेड मारणाऱ्याने डाव्या कडेपासून ५ यार्ड आत नेम धरला आणि चेंडू ठरल्याप्रमाणे १३ यार्ड वळला, तर तो मध्यावर येतो. अजिबात वळला नाही, तरी डाव्या कडेच्या ५ यार्ड आत राहतो. दुप्पट वळला, तरी उजव्या कडेच्या ५ यार्ड आतच थांबतो. हा हिशेब मोहक आहे, पण तो एका अटीवर टिकतो: चेंडू निघाल्या रेषेच्या डावीकडे कधीही जाता कामा नये. फेडसाठी उभे राहून चेंडू डावीकडेच ओढला गेला, तर सरळ फटक्याच्या चुकीपेक्षा मोठी शिक्षा होते. वळणामुळे फटक्यांचा पसारा आपोआप अरुंद होत नाही. तो पसारा मैदानाच्या कोणत्या भागावर टाकायचा, हे मात्र आपल्या हातात येते. म्हणून सरावाचा खरा उद्देश सुंदर वळण काढणे हा नसून एक बाजू बंद करणे हा आहे.

प्रत्यक्ष कृती

फेडपासून सुरुवात करू. चेंडूच्या मागे उभे राहून लक्ष्य पाहावे आणि चेंडू कोणत्या रेषेने निघायला हवा, ती रेषा ठरवावी. त्या रेषेवर चेंडूच्या पुढे साधारण एक यार्डावर एखादे वाळलेले पान, जुना डिव्हॉट (क्लबने गवत उखडल्याची खूण) किंवा गवताचा वेगळ्या रंगाचा ठिपका शोधावा, कारण दीडशे यार्डांवरच्या बिंदूपेक्षा पायांजवळच्या बिंदूवर फेस रोखणे सोपे जाते. आता क्लब फक्त उजव्या हाताने धरून त्याची खालची कड त्या ठिपक्याशी काटकोनात ठेवावी. त्यानंतर पाय, कंबर आणि खांदे त्या रेषेच्याही डावीकडे, लक्ष्यापासून साधारण दुप्पट वळवावेत. हे सर्व झाल्यावरच दोन्ही हातांनी ग्रिप धरावी. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी ग्रिप धरून मग मनगटे पिळून फेस उघडला, तर फटक्याच्या क्षणी मनगटे पुन्हा मूळ जागी येतात आणि उघडलेला फेस मिटतो. फेस ठेवून नंतर ग्रिप धरली, तर हातांना वेगळे काही करावेच लागत नाही.

चेंडू नेहमीपेक्षा अर्ध्या चेंडूएवढा डाव्या पायाकडे असावा. स्विंग पायांच्या रेषेने करावा, लक्ष्याच्या दिशेने करू नये, आणि छाती पूर्ण फिरवत शेवटपर्यंत जावे. चेंडू ‘कापण्याचा’ प्रयत्न करू नये. उभे राहण्यातच तो हेतू आलेला असतो. फेस मार्गाच्या तुलनेत उघडा असल्यामुळे लॉफ्ट वाढते आणि अंतर कमी होते, म्हणून सात नंबरचे अंतर असेल, तर सहा नंबर घ्यावा (नंबर लहान, तितका चेंडू लांब जातो).

ड्रॉसाठी हीच कृती उलट करावी. निघण्याची रेषा लक्ष्याच्या उजवीकडे ठरवावी, फेस त्या रेषेवर ठेवावा, पाय आणि खांदे त्याहून उजवीकडे वळवावेत, मग ग्रिप धरावी. चेंडू किंचित मागे, उजव्या पायाच्या बाजूला असावा, म्हणजे क्लब अजून उजवीकडे सरकत असतानाच त्याला भिडतो. इथे लॉफ्ट कमी होते, चेंडू खालून जातो आणि अधिक पळतो, म्हणून एक क्लब कमी, म्हणजे सातऐवजी आठ नंबर, घ्यावा. ज्यांचा फेस मिटतच नाही, त्यांनी डावा हात ग्रिपवर थोडा उजवीकडे फिरवावा, इतका की खाली पाहिल्यावर त्या हाताची दोन ते तीन बोटांची पेरे दिसतील. चेंडू भिडताना मनगटे जोराने उलटवून ड्रॉ काढण्याचा मोह अनेकांना होतो. त्यातून एक चेंडू देखणा जातो आणि पुढचा हुक होऊन हद्दीबाहेर जातो. हद्दीबाहेरची शिक्षा एक फटका आणि पूर्ण अंतर अशी दुहेरी असते, त्यामुळे हा मोह महाग पडतो.

स्लाइसचा फेड करू पाहणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. स्लाइस मारणारा खेळाडू चेंडू उजवीकडे जातो म्हणून अधिकाधिक डावीकडे उभा राहतो, त्यामुळे मार्ग आणखी डावीकडे जातो, फरक वाढतो आणि चेंडू आणखी वळतो. यातून बाहेर पडताना मार्गाला हात घालण्यापूर्वी ग्रिप सुधारून फेस ताब्यात आणावा. सुरुवातीला काही चेंडू सरळ डावीकडे जातील, आणि ते चांगले लक्षण आहे. चेंडू डावीकडे जाताना दिसू लागला, की शरीर स्वतःच मार्ग उजवीकडे आणू लागते. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलू नयेत.

सराव कसा करावा

लक्ष्यरेषेवर, आपल्यापासून तीन-चार यार्ड पुढे, एक अलाइनमेंट स्टिक जमिनीत उभी रोवावी. फेडसाठी चेंडू स्टिकच्या डावीकडून निघून तिच्या सरळ मागच्या लक्ष्याकडे यायला हवा, आणि ड्रॉसाठी उजवीकडून निघून परत यायला हवा. चेंडू योग्य बाजूने निघाला पण वळला नाही, तर फेस बरोबर आणि मार्ग अपुरा. चुकीच्या बाजूने निघाला, तर फेसच चुकला. वळून लक्ष्य ओलांडून गेला, तर दोहोंतील फरक जास्त. हे तीन निष्कर्ष सांगता आले, की प्रत्येक चेंडू शिकवू लागतो, आणि शिक्षक शेजारी नसतानाही सराव वाया जात नाही.

सुरुवात आठ नंबरच्या आयर्नने, अर्ध्या स्विंगने करावी. पहिल्या काही दिवसांत वळण मुद्दाम अतिशय मोठे काढावे, दोन्ही बाजूंना, म्हणजे हातांना दोन टोके कळतात. मग ते निम्मे करावे आणि पुन्हा निम्मे करावे. रेंजचे कठीण चेंडू चांगल्या बहुस्तरीय चेंडूंपेक्षा वेगळी फिरकी घेतात, त्यामुळे तिथे दिसलेले वळण मैदानावर तंतोतंत तेवढेच मिळेल असे धरू नये. टायगर वूड्स यांच्या सरावातील नऊ खिडक्यांची पद्धत प्रसिद्ध आहे: ड्रॉ, सरळ आणि फेड, आणि यांपैकी प्रत्येक फटका खालून, मध्यम उंचीवरून आणि उंचावरून. ती पाहून थक्क व्हायला होते, पण आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने तिच्या मागे लागू नये. त्याला एक खिडकी पुरेशी आहे आणि दुसरी अडचणीसाठी हवी.

मैदानावर निर्णय घेताना

ठरवलेले वळण रेंजवर दहापैकी सात वेळा येऊ लागले, की ते मैदानावर न्यावे. तिथे एक नियम मी कधीही मोडू नये असे मानतो: निघण्याची रेषा अशी निवडावी, की चेंडू वळलाच नाही तरी तो सुरक्षित जागी राहील. झेंडा ग्रीनच्या उजव्या कोपऱ्यात बंकरमागे (वाळूच्या खड्ड्यामागे) असेल, तर फेड मारणाऱ्याने ग्रीनच्या मध्यावर नेम धरावा. वळला, तर झेंड्याजवळ जातो; नाही वळला, तर ग्रीनवर राहतो. तोच झेंडा डाव्या कोपऱ्यात असेल, तर फेड मारणाऱ्याला नेम ग्रीनबाहेर धरावा लागतो, आणि अशा वेळी झेंडा विसरून ग्रीनच्या मध्याकडे खेळणे शहाणपणाचे असते. त्यासाठी दुसरे वळण काढण्याची गरज नसते.

दिल्ली गोल्फ क्लबचा लोधी कोर्स या बाबतीत चांगला धडा देतो. तिथे फेअरवे अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना दाट झुडपे आहेत आणि आत गेलेला चेंडू बहुतेक वेळा खेळता येत नाही, म्हणून उत्तम खेळाडूही अनेक होलवर ड्रायव्हर बॅगेतच ठेवतात. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरी यांनी २०१५ मध्ये आणि एस. एस. पी. चौरसिया यांनी २०१६ मध्ये इंडियन ओपन याच मैदानावर जिंकली. अशा ठिकाणी मोठे वळण दाखवण्यापेक्षा लहान, ओळखीचे वळण आणि अधिक लॉफ्टचा क्लब यांची जोडी कामी येते, कारण लॉफ्ट वाढली की वळण स्वतःच आवरते.

उतारावर मैदानाशी भांडू नये. चेंडू पायांपेक्षा उंच असेल, तर लॉफ्ट असलेला फेस आपोआप डावीकडे पाहू लागतो आणि चेंडू डावीकडे जातो. तो पायांपेक्षा खाली असेल, तर उजवीकडे जातो. वेजने हा परिणाम निघण्याच्या दिशेत अधिक जाणवतो. उताराने दिलेले वळण स्वीकारून फक्त नेम बदलावा.

वारा समोरून असेल, तर प्रत्येक वळण वाढते, पाठीमागून असेल, तर कमी होते. उजवीकडून डावीकडे वाहणाऱ्या वाऱ्यात ड्रॉ वाऱ्यावर स्वार होऊन लांब जातो, तर फेड वाऱ्याला टेकून सरळ राहतो आणि अंतर गमावतो. अंतर हवे की अचूकता, यावर निवड करावी. पण ज्याच्याकडे एकच वळण आहे, त्याने क्लब बदलून आणि नेम सरकवून तेच मारावे.

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर खेळणाऱ्यांनी ओल्या गवताचा विचार वेगळा करावा. फेस आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी किंवा ओले गवत आले की फिरकी कमी होते, आणि फिरकी नसेल, तर वळणही नसते. ओल्या रफमधून (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतातून) झाडाला वळसा घालण्याचा बेत केला, तर चेंडू बहुधा निघाल्या रेषेनेच सरळ जात राहतो. अशा वेळी आडवे खेळून फेअरवेवर परत येणे हाच खरा पर्याय असतो. प्रत्येक फटक्यापूर्वी फेस कोरडा पुसण्याची सवय पावसाळ्यात तरी काटेकोरपणे पाळावी.

वळणाशिवाय गत्यंतर नाही अशीही वेळ येते. २०१२ च्या मास्टर्समध्ये लुई उस्थायझेन यांच्याविरुद्धच्या प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा खेळात) दहाव्या होलवर डावखुऱ्या बबा वॉटसन यांचा टी शॉट उजवीकडे झाडांत, पाइनच्या वाळलेल्या काड्यांवर गेला. समोर झाडे होती आणि ग्रीन दीडशेहून अधिक यार्डांवर, उजवीकडे होते. त्यांनी ५२ अंशांचा वेज घेतला, फेस खूप मिटवला आणि चेंडू झाडांमधल्या फटीतून खालून काढून सुमारे ४० यार्ड उजवीकडे वळवत ग्रीनवर आणला. एवढ्या लॉफ्टच्या क्लबने एवढे वळण मिळाले ते फेस मिटवल्याने लॉफ्ट घटली म्हणून, आणि मार्ग व फेस यांतील फरक विलक्षण मोठा होता म्हणून. शिवाय पाइनच्या काड्यांवर चेंडू स्वच्छ होता. उंच गवतात तो असता, तर हा फटका निघालाच नसता. अडचणीत वळण काढण्यापूर्वी चेंडू कशावर बसला आहे हे पाहणे का आवश्यक आहे, ते यातून दिसते.

सरळ फटका कुठे राखावा

शंभर यार्डांच्या आत, वेजच्या फटक्यांत, वळणाचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. तिथे लॉफ्ट इतकी असते की चेंडू जवळपास सरळच जातो आणि खरी कसोटी अंतराची असते. रुंद, मोकळ्या होलवर, जिथे दोन्ही बाजूंना फक्त विरळ रफ आहे, तिथेही वळणाची गुंतागुंत वाढवण्यात अर्थ नसतो. आपले नेहमीचे मारावे आणि पुढे जावे.

सरळ फटक्याचा सर्वांत मोठा उपयोग मात्र मोजपट्टी म्हणून आहे. नेहमी फेड मारणाऱ्याचा मार्ग काही महिन्यांत नकळत अधिकाधिक डावीकडे सरकत जातो, आणि हलका फेड कधी स्लाइस झाला हे त्याला कळतही नाही. ड्रॉ मारणाऱ्याचेही तसेच होते. म्हणून महिन्यातून एकदा रेंजवर स्टिक ठेवून, पाय तिला समांतर आणि फेस तिच्या दिशेने ठेवून, आठ नंबरने फक्त सरळ मारण्याचा प्रयत्न करावा. त्या वेळी चेंडू नेहमीच्या बाजूला पाच-सहा यार्डांहून अधिक वळत असेल, तर वळण हाताबाहेर जाऊ लागले आहे असे समजून, मार्ग स्टिकच्या जवळ येईपर्यंत अर्ध्या स्विंगचे फटके मारावेत, आणि मगच ड्रायव्हर बाहेर काढावा.